मानेवरची पट्टी आणि पहिला नंबर

प्रकरण तसं चार ओळींत सांगून होतं. ब्यॉकसान हायस्कूलच्या एका वर्गात सराव परीक्षा चालू आहे. नेहमी पहिला येणारा यॉन शी-उन पेपर सोडवतोय. त्याच्या मानेवर कुणीतरी हळूच एक औषधी पट्टी चिकटवली आहे. पट्टीत फेंटानिल आहे, मॉर्फिनच्या पन्नास ते शंभर पट जोरदार वेदनाशामक. अक्षरं हलायला लागतात, डोकं जड होतं, पेपर हातचा जातो. पट्टी चिकटवणारा हात ओ बॉम-सॉक या नव्याने दाखल झालेल्या मुलाचा. त्याला हे करायला लावणारा वर्गातला दादा, जॉन यंग-बिन. काय झालंय ते शी-उनला कळतं तेव्हा तो आधी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतो, शुद्धीवर येतो आणि मग जाडजूड पुस्तक उचलून यंग-बिनला बडवून काढतो.

‘वीक हीरो क्लास १’ या कोरियन मालिकेच्या पहिल्या भागातली ही घटना. नेव्हर या कोरियन पोर्टलवर गाजलेल्या वेबटूनवरून, म्हणजे ऑनलाइन चित्रकथेवरून, यू सू-मिन यांनी ती लिहिली आणि दिग्दर्शित केली. ८ भाग, वेव्ह या कोरियन ओटीटीवर १८ नोव्हेंबर २०२२ला आले. आदल्याच दिवशी, १७ नोव्हेंबरला, त्या वर्षीची सुनुंग म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची देशव्यापी परीक्षा झाली होती. पाच लाखांच्या आसपास मुलं पेपर देऊन घरी आली आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर हा पेपर सुरू झाला. २०२५च्या मार्चमध्ये मालिका नेटफ्लिक्सवर आली, एप्रिलमध्ये दुसरा सीझन आला, आणि आपल्याकडच्या बहुतेकांनी ती तेव्हाच पाहिली. या लेखात कथेची सगळी गुपितं फुटणार आहेत, तेव्हा पाहायची राहिली असेल त्यांनी इथेच थांबावं.

या मालिकेचं कौतुक होतं ते मारामारीसाठी. किडकिडीत पोरगा पेन, पुस्तक, खिडकीचा पडदा अशा हाताशी येईल त्या वस्तूने धटिंगणांना लोळवतो, हे बघायला मजा येते यात वाद नाही. पण मला हे प्रकरण अभ्यासावंसं वाटलं ते पहिल्या ठोशाच्या आधीच्या भागासाठी. यंग-बिनकडे टोळकं आहे, ताकद आहे. शी-उनला तो संडासात गाठून सरळ बदडू शकला असता. तसं न करता त्याने महागडं, बेकायदा, मिळवायला अवघड असं औषध वापरलं, आणि तेही एका सराव परीक्षेत. एवढा खटाटोप कशासाठी? माझं म्हणणं असं, की या वर्गात अंगाला झालेली इजा कुणी मोजत नाही, नंबराला झालेली मोजतात, आणि यंग-बिनला हे बरोब्बर कळलेलं आहे. पुढे कायद्याच्या बाजूने पाहिलं की तिथेही साधारण हाच हिशोब सापडतो.

वर्गात कोण कोण होतं

शी-उन वरच्या १ टक्क्यातला. आईवडील वेगळे झालेले, आपापल्या कामात गढलेले. शाळेतून परतल्यावर घरात कुणी नसतं. त्याचा अभ्यास पाहून ‘केवढा महत्त्वाकांक्षी’ असं वाटतं, पण मालिका नीट पाहिली तर महत्त्वाकांक्षेचा मागमूस नाही. मेडिकलला जायचंय, सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत जायचंय, असली वाक्यं त्याच्या तोंडी येत नाहीत. अभ्यास ही त्याची आतून कडी लावून बसायची खोली आहे. पुस्तकात डोकं घातलं की कुणी बोलायला येत नाही, आणि घरात कुणी नाही हेही जाणवत नाही. पार्क जी-हून या नटाने हे डोळ्यांनी केलंय. पहिल्या भागात त्याला संवाद फार थोडे आहेत.

आन सू-हो त्याच वर्गात मागे झोपलेला असतो. आजीबरोबर राहतो, पोटासाठी हॉटेलात आणि डिलिव्हरीचं काम करतो, त्यामुळे झोपेची वेळ शाळेची. मारामारीत त्याच्यासमोर कुणी टिकत नाही. गुणांशी त्याला काही देणंघेणं नाही, म्हणूनच बहुधा वर्गात तोच एक निवांत आहे.

बॉम-सॉक हा खासदाराचा दत्तक मुलगा. बाहेर बापाच्या प्रतिमेला शोभा, घरात मारहाण. आधीच्या शाळेतही छळ सोसून आलेला. नव्या शाळेत पहिल्याच दिवसांत यंग-बिनने त्याला हेरलं आणि पट्टी त्याच्या हातात दिली. म्हणजे गुन्हा करणारा हातही मार खाल्लेलाच. पुढच्या सात भागांत हा मुलगा मित्र होतो, मग मत्सराने पोखरला जातो, आणि शेवटी सू-हो कोमात जाईल इतकी भयंकर मारहाण घडवून आणतो. होंग क्यॉंगने त्याचं काम केलंय. माझ्या मते ही मालिका शी-उनपेक्षा त्याचीच आहे.

यंग-बिनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. असा मुलगा प्रत्येक शाळेत असतो. त्याचा चुलतभाऊ जॉन सॉक-दे मात्र महत्त्वाचा: घरातून पळालेल्या पोरांच्या टोळीतला, शाळेबाहेरच्या गुन्हेगारीत अडकलेला. पट्टीचा माग काढत गेलं की वाट तिकडे जाते.

शिक्षक? वर्गात येतात, जातात. पूर्ण मालिकेत एकाही शिक्षकाचं नाव लक्षात राहत नाही. लेखकाने हे मुद्दाम केलं असं मी समजतो, कारण बाकी पात्रांचे बारकावे त्याने बारकाईने भरलेत.

ज्या गुणांची नोंदच होत नाही

कोरियातली सराव परीक्षा म्हणजे क्लासवाल्यांची टेस्ट सिरीज नसते. शिक्षण खात्याची प्रांतिक कार्यालयं प्रश्नपत्रिका काढतात आणि देशभरातली हायस्कूलची मुलं ठरल्या दिवशी एकच पेपर सोडवतात, हुबेहूब सुनुंगच्या साच्यात. निकालात नऊ श्रेणी असतात. भाषा आणि गणितात वरच्या ४ टक्क्यांना पहिली, पुढच्या ७ टक्क्यांना दुसरी, त्यापुढच्या १२ टक्क्यांना तिसरी. किती गुण पडले यापेक्षा किती जण तुमच्या पुढे आहेत यावर सगळं.

आता गंमत अशी, की या परीक्षेचे गुण प्रवेशात कुठेही धरत नाहीत. विद्यार्थ्याची जी अधिकृत नोंदवही शाळा ठेवते आणि जी पुढे विद्यापीठं पाहतात, तिच्यात हे गुण लिहायलाही मनाई आहे. कागदावर पाहिलं तर शी-उनचं त्या दिवशी काहीच बुडालं नाही. पुढच्या सराव परीक्षेला बसायचं, झालं.

तरी तो पेटून उठतो, आणि पाहणाऱ्या कोरियन प्रेक्षकाला त्यात काही अतिरेकी वाटत नाही. कारण दुसरी एक मोजपट्टी त्या वर्गात सतत चालू असते: शाळेच्या अंतर्गत गुणांची. तीही तुलनेवर चालते, पण तुलना फक्त आपल्याच शाळेतल्या, आपल्याच इयत्तेतल्या मुलांशी. मालिका आली तेव्हा तिथेही पहिली श्रेणी ४ टक्क्यांपुरती होती. एका इयत्तेत २०० मुलं असतील तर पहिली श्रेणी ८ जणांना. नववा मुलगा कितीही हुशार असो, दुसऱ्या श्रेणीत. २०२५पासून हायस्कूलला आलेल्या मुलांसाठी नवाच्या पाच श्रेणी केल्या आणि पहिलीची मर्यादा १० टक्क्यांवर नेली. तत्त्व तेच राहिलं.

इथे आपल्याकडच्या वाचकाने जरा थांबावं. लातूरच्या किंवा कोट्याच्या क्लासमध्ये नीटची तयारी करणाऱ्या मुलावरही दडपण प्रचंड असतं, पण बाकावर शेजारी बसलेला मुलगा हा २३ लाखांतला एक असतो. त्याचा पेपर बिघडला म्हणून आपला नंबर लागेल असं नाही. म्हणून तिथे नोट्स वाटल्या जातात, डबे वाटले जातात. कोरियन हायस्कूलच्या अंतर्गत गुणांत मात्र शेजारचाच मुलगा तुमची श्रेणी खातो. वही उसनी देणं म्हणजे स्वतःचं नुकसान. अशा खोलीत वर्षानुवर्षं बसलेल्या मुलांना दुसऱ्याचा पेपर बिघडवण्याची कल्पना सुचायला वेगळी दुष्टबुद्धी लागत नाही. यंग-बिनला स्वतःला पहिलं यायचंय असं दिसत नाही. दुखवायचं कुठे एवढं त्याला ठाऊक आहे.

हे वेड आजचं नाही. १९६४च्या डिसेंबरमध्ये, माध्यमिक शाळांनाही प्रवेश परीक्षा होती त्या काळात, विज्ञानाच्या पेपरात एक प्रश्न आला: यॉत नावाची चिकट मिठाई करताना माल्टऐवजी काय वापरता येईल? ठरलेलं उत्तर एक एन्झाइम होतं. काही मुलांनी मुळ्याचा रस लिहिला आणि त्यांचा तो एक गुण गेला. त्यांच्या आयांनी मुळ्याच्या रसापासून खरोखर यॉत शिजवली, पातेली घेऊन शिक्षण कार्यालयावर धडकल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, खाऊन बघा. (‘यॉत खा’ ही कोरियनमध्ये शिवीही आहे.) प्रकरण न्यायालयात गेलं, मुलं जिंकली आणि ३८ जणांना हव्या त्या शाळेत प्रवेश मिळाला. माध्यमिक शाळांची ती प्रवेश परीक्षा १९६९पासून सोलमध्ये बंद झाली, १९७४पासून सोल आणि बुसानमध्ये हायस्कूलचीही. चुरस काही संपली नाही. एक-एक मजला वर सरकत विद्यापीठाच्या दारात जाऊन साठली. १९८०मध्ये चुन डू-ह्वान यांच्या लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली. हुकूमशाहीलाही ती नीट राबवता आली नाही आणि २०००मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. आता सोलमधल्या हागवॉनना, म्हणजे क्लासेसना, रात्री १० वाजता दिवे मालवावे लागतात, एवढंच. शासनाच्या पाहणीनुसार २०२४मध्ये पहिली ते बारावीच्या मुलांच्या खासगी शिकवण्यांवर २९.२ लाख कोटी वॉन खर्च झाले, आणि १००पैकी ८० मुलं कुठल्या ना कुठल्या शिकवणीला जात होती. तोवर मुलांची संख्या दरवर्षी घटत होती, खर्च वाढत होता.

पट्टी कुठून आली

औषधाच्या बाबतीत मालिकेने एक सवलत घेतली आहे, ती सांगायला हवी. फेंटानिलची पट्टी कर्करोगासारख्या आजारातल्या तीव्र, सततच्या वेदनांसाठी असते आणि साधारण ७२ तास थोडं थोडं औषध सोडते. त्वचेतून रक्तात पुरेसं उतरायला तिला कित्येक तास लागतात. पेपर हातात पडल्यावर चिकटवली आणि पेपर संपायच्या आत गुंगी, हे नाटकाच्या सोयीसाठी. उलट बाजूही आहे: ज्या शरीराला अफूजन्य औषधांची सवय नाही, त्यावर अशी पट्टी श्वास मंदावून जीवही घेऊ शकते. मालिका याकडे पेपर बिघडवणारी खोडी म्हणून पाहते. मला ते खटकलं. यंग-बिनने केलं ते खुनाच्या प्रयत्नाच्या फार जवळचं आहे, आणि वर्गात कुणालाच त्याची जाणीव नाही.

पण पट्टी लेखकाने हवेतून काढलेली नाही. मे २०२१मध्ये दक्षिण ग्योंगसांग प्रांताच्या पोलिसांनी ४०हून जास्त किशोरवयीन मुलांना फेंटानिलच्या पट्ट्यांच्या प्रकरणात पकडलं. पाठ दुखते, पोट दुखतं असं सांगून ही मुलं दवाखान्यांतून चिठ्ठ्या लिहून घेत होती, आपसात विकत होती, आणि काहींनी शाळेच्या आवारातही नशा केली होती. दीड वर्षाने आलेल्या मालिकेत तीच पट्टी शाळेच्या वर्गात दिसली तेव्हा कोरियन प्रेक्षकाला बातमी आठवणारच होती.

खरा विलक्षण योगायोग त्यानंतरचा. ३ एप्रिल २०२३ला सोलच्या गंगनाम भागात, हागवॉनच्या गल्ल्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या देची-दोंगमध्ये, क्लासला जाणाऱ्या मुलांना काही जणांनी रस्त्यात गाठलं. स्मरणशक्ती आणि एकाग्रता वाढवणारं नवं पेय आलंय, चव बघा, असं म्हणून बाटल्या हातात दिल्या. पेयात मेथँफेटामिन होतं. पुढे पालकांना फोन गेले: तुमचं मूल अमली पदार्थ घेतं, पोलिसात जायचं नसेल तर पैसे टाका. सूत्रधार देशाबाहेर बसलेला होता.

टोळीने जागा निवडली ती विचार करून. रस्त्यात अनोळखी माणसाने दिलेली बाटली शहाणं मूल घेत नाही. पण ‘एकाग्रता वाढेल’ म्हटल्यावर देची-दोंगच्या मुलांनी घेतली. आणि खंडणी पालकांकडे मागितली, कारण मुलाच्या नोंदवहीवर डाग पडू नये म्हणून आईबाप किती पैसे मोजतील याचा त्यांना अंदाज होता. यंग-बिनची पट्टी आणि ही बाटली, दोन्हींत गुणांची भीती हाच फासा.

पुस्तक उचलल्यावर

शी-उनच्या हाणामारीत राग आहे, पण बेभान राग फार थोडा वेळ टिकतो. तो अंतर मोजतो, वजन मोजतो, समोरचा कुठल्या हाताने मारेल याचा अंदाज बांधतो. पुढच्या भागांत तर त्याच्या डोक्यात भौतिकशास्त्राचे नियम आणि मानसशास्त्राचे प्रयोग चालू असल्याचं ऐकू येतं. टीकाकारांनी याला चमकदार क्लृप्ती म्हटलं. मला त्यात परीक्षेचं प्रशिक्षण दिसतं. मर्यादित वेळ, उपलब्ध साहित्य, सोपा प्रश्न आधी, अवघड नंतर, एकाही सेकंदाची नासाडी नाही. शाळेने दहा वर्षं जे शिकवलं तेच तो यंग-बिनच्या तोंडावर वापरतो. सू-हो उठून त्याला अडवतो तेव्हा तो थांबतो. नसता अडवला तर थांबला असता असं मला वाटत नाही.

‘वीक हीरो’ नेटफ्लिक्सवर आली त्याच सुमारास आलेली दुसरी मालिका शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. जानेवारी २०२५मध्ये टीव्हिंग या कोरियन ओटीटीवर ‘स्टडी ग्रुप’ आली, १० भागांची. तिचा नायक यून गा-मिन बरोबर उलटा: मारामारीत अजोड, अभ्यासात ढ, आणि मनापासून शिकायची इच्छा. शाळा तांत्रिक शिक्षणाची, गुंडांनी भरलेली. तिथे तो अभ्यासगट काढायला निघतो आणि गटातल्या प्रत्येकाला शांतपणे वाचता यावं म्हणून रोज कुणाला तरी झोडपतो. सूर विनोदी आहे, ठोसे कार्टूनसारखे. पण एक गोष्ट तिने पकडली: त्या शाळेत अंतर्गत श्रेणीसाठी कुणी कुणाचा गळा धरत नाही, कारण तिथून विद्यापीठात जाण्याची आशाच फारशी नाही. म्हणून गा-मिनच्या गटात मुलं एकमेकांना शिकवू शकतात. ब्यॉकसानमध्ये असा गट काढायला कुणी पुढे आलं नसतं.

समितीपुढे गेलं असतं तर

मालिकेत हे प्रकरण शाळेबाहेर चिघळतं. यंग-बिन चुलतभावाकडे जातो, टोळी येते, सू-हो शी-उनच्या बाजूने उभा राहतो, बॉम-सॉक अपराधी वाटून दोघांना चिकटतो. पण समजा, शी-उन दुसऱ्या दिवशी शिक्षकांकडे गेला असता. काय झालं असतं?

कोरियात शालेय हिंसाचाराविरुद्ध २००४पासून स्वतंत्र कायदा आहे. डिसेंबर २०११मध्ये देगू शहरातल्या एका शाळकरी मुलाने छळापायी जीव दिला. देश हादरला, आणि २०१२पासून दोषी मुलाची शिक्षा त्याच्या नोंदवहीत लिहायला सुरुवात झाली. २०२०पासून निकाल देण्याचं काम शाळांकडून काढून शिक्षण कार्यालयांतल्या समित्यांकडे दिलं. समितीत किमान एक तृतीयांश पालक असतात. शिक्षा नऊ पायऱ्यांच्या. पहिली लेखी माफी, मग संपर्कबंदी, शाळेत सेवा, समाजसेवा, समुपदेशन, सहावी निलंबन, सातवी वर्गबदल, आठवी सक्तीची शाळाबदली, नववी हकालपट्टी.

किरकोळ प्रकरण मुख्याध्यापक शाळेतच मिटवू शकतात. त्यासाठीची एक अट पाहा: पीडिताकडे दोन आठवडे किंवा जास्त उपचार लागतील असं वैद्यकीय प्रमाणपत्र नसावं.

इथे शी-उनचं प्रकरण उलटं फिरतं. त्याच्या रक्तातलं औषध एक-दोन दिवसांत ओसरतं. अंगावर जखम नाही. बिघडलेल्या पेपरची नोंद कुठेच होत नाही. यंग-बिनचं तोंड मात्र पुस्तकाने सुजलंय, आणि दोन आठवड्यांचं प्रमाणपत्र त्याला कुठल्याही दवाखान्यात मिळेल. पट्टी कुणी चिकटवली? बॉम-सॉकने. का? सांगितलं म्हणून. कुणी सांगितलं? बॉम-सॉक बोलणार नाही. वर्गातली बाकी मुलं पाहून न पाहिल्यासारखं करतील, नोंदवहीच्या भानगडीत कोण पडतं. कागदावर उरतात एक मार खाल्लेला विद्यार्थी आणि एक मारणारा. फार तर दोघांनाही आरोपी आणि दोघांनाही पीडित ठरवून समोरासमोर बसवतील. उलट तक्रार ठोकणं ही तिथल्या पालकांची आणि वकिलांची रुळलेली वाट आहे. फेंटानिलसाठी पोलिसांत गेलं तर चित्र बदललं असतं, कारण १४ वर्षांवरच्या मुलावर फौजदारी जबाबदारी येते. पण त्यासाठी पट्टी जपून ठेवायला हवी होती, आणि सोबत एखादं मोठं माणूस हवं होतं.

पालकांची ताकद किती फरक पाडते याचं खरं उदाहरण मालिकेनंतर तीनच महिन्यांनी घडलं. फेब्रुवारी २०२३मध्ये माजी सरकारी वकील चुंग सुन-सिन यांची राष्ट्रीय तपास कार्यालयाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली. लगेच बाहेर आलं की त्यांच्या मुलाने नामांकित निवासी हायस्कूलमध्ये वर्गमित्राचा शाब्दिक छळ केला होता, त्याला शाळाबदलीची शिक्षा झाली होती, आणि ती टाळण्यासाठी वडील सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले होते. खटला ते हरले. पण दाव्यांमुळे बदली लांबत राहिली आणि मुलगा पुढे सुनुंगच्या गुणांवर सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकायला लागला. नेमणूक दुसऱ्याच दिवशी रद्द झाली.

संताप इतका होता की एप्रिलमध्ये सरकारने नवं धोरण आणलं. सहावी ते आठवी शिक्षा नोंदवहीत शाळा संपल्यानंतर दोनऐवजी चार वर्षं राहील. २०२६च्या प्रवेशांपासून सगळ्या विद्यापीठांनी प्रत्येक प्रवेशमार्गात, निव्वळ सुनुंगच्या गुणांवर होणाऱ्या प्रवेशातसुद्धा, शालेय हिंसाचाराची नोंद विचारात घ्यायलाच हवी. लोकांनी स्वागत केलं, आणि मलाही त्या क्षणी वेगळं काही सुचलं नसतं. पण परिणाम पाहा. मारहाणीची किंमत आता प्रवेशाच्या गुणांत ठरते. ज्या नाण्यात यंग-बिनने शी-उनला लुटायचा प्रयत्न केला, त्याच नाण्यात आता सरकार दंड वसूल करतं. साहजिकच दोन्ही बाजूंचे पालक वकील गाठतात, कारण एका पायरीचा फरक म्हणजे विद्यापीठाचा फरक. समितीसमोर ‘त्या मुलाला काय वाटलं असेल’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘पाचवी लागेल की सहावी’ हा पुढे येतो. दंडाला घाबरण्यासाठी मुलाला विद्यापीठात जायचं असावं लागतं, हे वेगळंच. सॉक-देच्या टोळीतल्या पोरांना या नियमाने काडीचाही फरक पडत नाही.

फायलीत काय उरलं

पहिल्या सीझनच्या शेवटी सू-हो कोमात आहे. त्याच्या नावावर शाळेत कसलीच नोंद नाही, हजेरीपटावर गैरहजर. बॉम-सॉकला बाप देशाबाहेर पाठवतो. कोरियन नोंदवहीचा आणि कोरियन प्रवेशनियमांचा तिथे संबंध येत नाही. या सगळ्यात सगळ्यात गंभीर गुन्हा त्याचा, आणि व्यवस्थेच्या हातून सगळ्यात स्वच्छ सुटणारा तोच, कारण त्याच्या बापाकडे विमानाच्या तिकिटाचे पैसे आणि लपवण्यासारखं नाव होतं.

शी-उन शाळेत येऊन थैमान घालतो, काचा फोडतो, आणि त्याला उनजांग हायस्कूलमध्ये जावं लागतं, जिथे अभ्यास करणारा मुलगा शोधूनही सापडत नाही. ही बदली समितीने लावलेली आठवी शिक्षा मानली, तर आजच्या नियमांनुसार हिशोब असा होतो: सहावी किंवा सातवी शिक्षा शाळा सोडताना फेरविचार करून पुसता येते, आठवी येत नाही. ती चार वर्षं नोंदवहीत राहते, म्हणजे एकदा प्रवेश हुकून पुन्हा सुनुंगला बसला तरी सोबत येते. किती गुण कापायचे किंवा अर्जच फेटाळायचा का, हे प्रत्येक विद्यापीठ ठरवणार. वरच्या १ टक्क्यातला मुलगा, मानेवर चिकटवलेल्या पट्टीची नोंद नाही, उचललेल्या पुस्तकाची आहे. दुसऱ्या सीझनमध्ये तो नव्या वर्गात जाऊन बसतो आणि पहिल्याच दिवशी वही उघडून अभ्यासाला लागतो. मागच्या बाकांवर तोवर नवं टोळकं त्याच्याकडे बघायला लागलेलं असतं.